शून्य गुण आणि वाटीभर देठं

मी रडत नव्हते. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना कुणी ‘बिचारी’ म्हणायला नको. माझ्या डाव्या डोळ्यातून पाणी यायचं. हसताना यायचं, भांडताना यायचं, भाजी निवडताना यायचं. डोळा रडत होता, मी नाही. दोन वर्षं हा फरक मी लालबागमधल्या दिसेल त्या माणसाला समजावत होते आणि एकालाही तो पटला नाही.

आता बरी आहे. तरी लिहायला बसले, कारण माझ्यासारखा एक डोळा गळका असलेली माणसं अजून आहेत आणि त्यांना घरचेदारचे गप्प बसवतात. कुणाला म्हणतात वयाचं आहे, कुणाला म्हणतात टेन्शनचं आहे. मला म्हणायचे, मिरचीचं आहे.

आता माझा धंदाच मसाल्याचा. लालबागला आमचा छोटा गाळा आहे. माझ्या सासूबाईंनी सुरू केला. सासऱ्यांची गिरणी बंद पडली तेव्हा आमची चूल त्या गाळ्यावर पेटत होती, आणि माझे मिस्टर गेल्यावर मीही त्याच गाळ्यावर उभी राहिले. होळी झाली की बायका वर्षाचा मसाला करायला येतात. बेडगी, संकेश्वरी, लवंगी, ज्याची त्याची आवड. आम्ही मिरच्यांची देठं काढतो, खडा मसाला भाजतो आणि शेजारच्या डंखाच्या यंत्रावर कुटून आणून देतो. भाजायला माझ्या जोडीला विमल असते. ती परळच्या चाळीतली, माझ्याच वयाची. चौदा एप्रिलचा, जयंतीचा दिवस सोडला तर सीझनमध्ये तिचा खाडा नाही. आम्ही दोघी कढईसमोर बसलो की अख्खी गल्ली खोकते.

तेव्हा मिरचीचं आहे हे म्हणायला लोकांना सोपं होतं. मी म्हणायचे, अरे, मिरची आहे ना, मग उजव्या डोळ्याने काय पुण्य केलंय? धूर काय एकाच डोळ्याला ओळखतो? पण उत्तर नसलं म्हणून माणसं बोलायची थांबतात थोडीच.

रडकी

लोक किती मनकवडे असतात ते मला या डोळ्यामुळे कळलं. गिऱ्हाईक आलं की हळूच विचारायचं, मावशी, कोण गेलं? मी म्हणायचे, कुणी गेलं नाही, अर्धा किलो बेडगी देऊ का?

एकदा खरंच एकजण गेले. आमच्या मजल्यावरचे पाटणकर. या माणसाने गॅलरीतल्या कुंड्यांवरून माझ्याशी वीस वर्षं भांडण केलं होतं. मेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणून मी गप्प जाऊन उभी राहिले, तर डाव्या डोळ्याला धार. पाटणकरबाईंनी मला मिठी मारली आणि म्हणाल्या, शैलाताई, यांची खरी किंमत तुम्हालाच होती. आता काय सांगणार? मान हलवली आणि घरी आले. विमल हे ऐकून कढईसमोर इतकी हसली की तिचा झारा पडला.

पण सगळंच हसण्यावारी जाण्यासारखं नव्हतं. माझा मुलगा नितीन. त्याची बायको प्राची गिरगावातली, नोकरी करणारी पोर. तिचं लग्न झालं आणि वर्षभरात माझा डोळा सुरू झाला. आमच्या चाळीने दोन आणि दोन केले पाच. सून आली आणि शैला रडायला लागली, असं बायका बोलायच्या. एका संध्याकाळी प्राचीने ते जिन्यात आपल्या कानांनी ऐकलं. घरात आली, पर्स आपटली आणि ओट्याकडे तोंड करून उभी राहिली. मी पाणी दिलं तर तिने वळून पाहिलं. घरात त्या वेळी रडणाऱ्या आम्ही दोघी होतो आणि त्यातली खरी एकच होती.

मला फार राग आला. चाळीचा, डोळ्याचा, स्वतःचा. दुसऱ्या दिवशी गॅलरीत उभी राहून मोठ्याने सांगितलं, माझी सून मला सोन्यासारखी आहे, ज्याला शंका असेल त्याने समोर येऊन विचारावं. पण बोलताना डाव्या डोळ्यातून धार लागलेली. बायका म्हणाल्या, बघा, बिचारी सुनेला पाठीशी घालते.

नितीनचं वेगळंच. तो लोअर परळला काचेच्या बिल्डिंगमध्ये कामाला जातो. मोबाइलची कव्हरं विकणारा एक माणूस आमचा गाळा भाड्याने मागत होता आणि त्याला होळीच्या आधी हो की नाही ते सांगायचं होतं. नितीन वाईट नाही, घाबरट आहे. लहानपणी त्याने बापाला खोकत खोकत जाताना पाहिलंय. तो म्हणायचा, आई, धूर बंद कर, नाहीतर डोळा जाईल. मी म्हणायचे, डोळा गेला तर दुसरा आहे, गाळा एकच आहे. हे बोलायला ठीक होतं. आतून मला माहीत होतं की डोळ्याचं कारण सापडलं नाही तर हा पोरगा मला प्रेमाने घरात बसवणार. आणि घरात बसलेली मी कोण असते, हे मला माहीत नव्हतं.

शून्य

शेवटी परळच्या मोठ्या हॉस्पिटलात डोळ्याचा केसपेपर काढला. नितीन सोबत होता. तपासायला एक कोवळा डॉक्टर. त्याने मला आजी म्हटलं. अठ्ठावन्न वर्षांच्या बाईला आजी. तिथेच माझं डोकं थोडं फिरलं.

त्याने नीट समजावलं, खोटं का बोलू. म्हणाला, पाणी किती येतं ते आम्ही गुणांनी मोजतो. दिवसातून किती वेळा डोळा पुसावा लागतो त्यावर गुण. कधीच नाही तर शून्य, सारखाच पुसावा लागत असेल तर पाच. तर आजी, तुम्ही किती वेळा पुसता?

मी विचार केला. लग्न होऊन आले त्या वर्षी मिरच्या निवडताना मी डोळ्याला हात लावणार, तेवढ्यात सासूबाईंनी हातावर चापट मारली होती. मिरचीचा हात डोळ्याला लागता कामा नये, पदरही नको, पदरातही तिखट असतं. ती चापट माझ्या अजून लक्षात आहे. त्या दिवसापासून मी डोळ्याला हात लावलेला नाही, घरी नाही, झोपेतही नसेल. म्हणून ठणकावून सांगितलं, “एकदाही नाही.”

त्याने पुन्हा विचारलं, रुमाल वगैरे? मी म्हटलं, रुमाल मी ठेवतच नाही. आणि वरून थोडा अभिमानही होता, रुमाल घेऊन हिंडणारी रडकी बाई मी नाही म्हणून. त्याने शून्य लिहिलं, थेंब दिले, धूर टाळा म्हणाला. दिलेल्या उत्तरावर तो तरी दुसरं काय करणार?

बाहेर आल्यावर नितीन म्हणाला, बघ, डॉक्टरपण तेच म्हणाले. मी त्याला मागे टाकून भराभर बसस्टॉप गाठला.

गाठ

थेंब घातले. पाणी जसंच्या तसं. मग थंडीत एका सकाळी उठले तर डोळा आणि नाक यांच्या मधे टपोऱ्या बोराएवढी गाठ. लाल, गरम, हात लावू देत नव्हती. दुपारपर्यंत ताप भरला आणि डोळा मिटून गेला. आरशात बघितलं आणि तेव्हा मात्र मी घाबरले. इतके दिवस मोठ्या तोंडाने म्हणत होते दुसरा डोळा आहे, ते सगळं विसरले.

नितीन ऑफिसात होता. प्राचीने सुट्टी टाकली आणि टॅक्सीने मला घेऊन गेली. टॅक्सीत माझा हात आपल्या मांडीवर घट्ट धरून बसली होती. मी म्हटलं, आता चाळीत म्हणतील सुनेने मारलं. ती हसली आणि मग खिडकीबाहेर बघत राहिली.

या वेळी तपासायला वरच्या डॉक्टर मॅडम होत्या. कमी बोलणाऱ्या, पण बोट फार हलकं. त्यांनी आधी गाठ उतरायची औषधं दिली, आठवड्याने परत बोलावलं. ताप उतरला, गाठ बसली आणि आम्ही दोघी पुन्हा गेलो. त्यांनी जुना कागद काढला आणि म्हणाल्या, पाणी येत नव्हतं ना तुम्हाला? इथे शून्य आहे.

प्राचीने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी चोरी केलीय.

“आई, शून्य?” ती म्हणाली. मग डॉक्टरांकडे वळली. “मॅडम, या डोळा खांद्याला पुसतात. रोज. डाव्या खांद्यावर पांढरा डाग असतो, मी ब्लाउज भिजत घालते ना. मला वाटायचं घाम.”

मी म्हटलं, छे, काहीतरीच. आणि म्हणता म्हणता माझा डावा खांदा वर आला, मान वाकडी झाली आणि गाल खांद्यावर घासला गेला. मला कळलंही नाही. त्या दोघींना कळलं. डॉक्टर मॅडम पहिल्यांदा हसल्या.

मी तरी वाद घातलाच. विचारलं, खांद्याला पुसलेलं पुसणं धरतात का? त्या म्हणाल्या, हाताने पुसा, पदराने पुसा नाहीतर भिंतीला पुसा, पाणी आलं ते आलं. एक दिवस कुणालातरी तुमच्यावर लक्ष ठेवायला सांगा. तुम्ही स्वतः मोजू नका, तुम्हाला पत्ता लागणार नाही.

देठं

लक्ष ठेवायचं काम विमलने आनंदाने घेतलं. अशी संधी तिला आयुष्यात मिळाली नव्हती. सीझन नव्हता, पण एका हॉटेलवाल्याची ऑर्डर होती, म्हणून आम्ही मिरच्या निवडत बसलो होतो. विमलने एक वाटी समोर ठेवली. माझा खांदा वर आला की ती वाटीत एक देठ टाकायची.

पहिली काही देठं मला पटली. मग मला संताप येऊ लागला. मी म्हटलं, ए बाई, लबाडी करू नकोस, आत्ता मी मान खाजवली. ती म्हणाली, मान डोळ्याने खाजवतेस का गं? मग मी हट्टाने खांदा खाली धरून ठेवला. पाणी गालावरून हनुवटीला आलं, हनुवटीवरून मिरचीत पडलं. विमल शांतपणे म्हणाली, पुस आता, नाहीतर हॉटेलवाल्याला मीठ फुकट जाईल. मी पुसलं. देठ पडलं.

जेवायच्या वेळेपर्यंत वाटी भरली. मी वाटीकडे बघत बसले. इतकं? आणि मी सगळ्या जगाला सांगत होते, मला काही होत नाही, थोडं पाणी येतं. चाळ चुकीची होती, मी रडत नव्हते. पण मीसुद्धा बरोबर नव्हते.

ती वाटी झाकण लावून तशीच हॉस्पिटलात नेली. डॉक्टर मॅडमनी झाकण उघडलं आणि तीन शिंका दिल्या. मग शून्यावर काट मारली आणि पाच लिहिले. शाळेत मला कधी पैकीच्या पैकी मिळाले नव्हते, ते तिथे मिळाले.

मग त्यांनी बोथट सुईने डोळ्याच्या कोपऱ्यातून मिठाचं पाणी सोडलं. ऐकायला भयंकर वाटतं, पण बधिर केलेलं असतं, भिऊ नका. म्हणाल्या, घशात खारट लागलं की सांगा. मी वाट बघत राहिले. घशात काही आलं नाही. सगळं पाणी उलटं फिरून गालावर. त्यांनी सांगितलं की डोळ्याच्या पाण्याला नाकात उतरायला एक वाट असते आणि माझी बंद झालीय. ऑपरेशन करून नवीन वाट काढावी लागेल.

मी विचारलं, मिरचीने बंद झाली? त्या म्हणाल्या, नाही हो, या वयात बायकांना होतं हे. धुराने दोन्ही डोळ्यांना त्रास होतो, वाट बुजत नाही.

मी प्राचीला म्हटलं, लाव नितीनला फोन. आणि डॉक्टर मॅडमना म्हटलं, हेच जसंच्या तसं माझ्या मुलाला सांगा. त्यांनी बिचाऱ्यांनी सांगितलं.

रात्री जेवताना नितीन म्हणाला, ठीक आहे, ऑपरेशन करू. नंतर तपासताना ते पाणी घशात उतरलं तर गाळा तुझा, मी परत तोंड उघडणार नाही. नाही उतरलं, तर मी त्या मोबाइलवाल्याला हो म्हणणार. मी म्हटलं, चालेल. बोलून गेले खरी, पण त्या रात्री गाळ्याची किल्ली उशाखाली घेऊन झोपले.

वॉर्ड

हॉस्पिटलातले दिवस एकसारखे असतात. पहाटे कुणीतरी थर्मामीटर घेऊन उठवतं, मग चहा येतो, मग फिनेलचा वास, मग डॉक्टरांचा घोळका. शेजारच्या खाटेवरच्या बाईने मला बघून विचारलं, घरी कुणी गेलं का हो? मी म्हटलं, नाही, पण तू असंच विचारत राहिलीस तर जाईल. त्यानंतर आमची गट्टी जमली. एक आयाबाई होत्या, त्यांनी ऑपरेशनच्या सकाळी माझी वेणी इतकी घट्ट घातली की मला माझी आई आठवली. त्यांना बोलायला वेळ नव्हता, वेणी घालून निघून गेल्या.

ऑपरेशन जागेपणी झालं. दुखलं नाही, पण आवाज सगळे ऐकू येतात. हाडाला भोक पाडत होते तेव्हा डोक्याच्या आत कुणीतरी नारळ खवतंय असं वाटलं. मी मनात मसाल्याचं माप म्हणत राहिले, धणे, बडीशेप, दगडफूल, जायपत्री, आणि शेवटाला आले की पुन्हा धण्यांपासून.

खरी भीती नंतर बसली. नाकात बोळा भरलेला. वास बंद. चहाला वास नाही, भाताला नाही, औषधाला नाही. कुणीतरी मला सांगितलं होतं की काही दिवस असं होईल, पण सांगणं वेगळं. मसाला कधी भाजला गेला ते मी डोळ्याने बघतच नाही, नाकाने ठरवते. डोळ्यापायी नाक गेलं तर? मी तोंडाने श्वास घेत पडून राहिले आणि कुणाला काही सांगितलं नाही.

नितीन पेज घेऊन आला. मला चमच्याने भरवायला लागला. मी म्हटलं, हात चालतात माझे. तो म्हणाला, गप बस. भरवता भरवता त्याचे डोळे भरले. दोन्ही. मी ते पाहिलं आणि तोंड उघडलं, दुसरा घास घेतला.

बोळा काढला त्या दिवशी विमल भेटायला आली. पिशवीतून तिने कागदाची पुडी काढली आणि माझ्या नाकाखाली धरली. मसाल्यातलं त्रिफळ. वास मंद आला, पण आला. तेव्हा मात्र मी रडले. ते पाणी माझं होतं, ते कुणी आजारात धरू नये.

खारट

टाके निघाले, नाकाशेजारी बारीक रेघ राहिली. डोळा कोरडा वाटत होता, पण माझा माझ्यावर विश्वास नव्हता. एकदा शून्य सांगून बसलेली बाई मी. होळीच्या आधी तपासणीची तारीख होती. नितीन, प्राची दोघं आले. नितीनच्या खिशात फोन आणि फोनमध्ये त्या मोबाइलवाल्याचा नंबर, हे मला ठाऊक होतं.

डॉक्टर मॅडमनी आधी विचारलं, “आता किती वेळा पुसता? हाताने, रुमालाने, खांद्याने, सगळं धरून.” उत्तर प्राचीने दिलं. ती म्हणाली, पंधरा दिवस ब्लाउजवर डाग नाही.

मग सुई आली. मी खुर्चीचे हात धरले. पाणी सोडलं. गालावर काही आलं नाही. घशातही नाही. मी उजवा डोळा मिटला. आणि मग जिभेच्या मुळाशी काहीतरी गार उतरलं.

“लागलं?” डॉक्टर मॅडमनी विचारलं.

“लागलं,” मी म्हटलं. “मीठ जरा कमी आहे.”

नितीन मागे वळून भिंतीवरचा तक्ता वाचायला लागला. मी त्याला वाचू दिलं.

एवढं ऐका माझं. तुम्हाला डॉक्टरांनी विचारलं की पाणी किती येतं, तर लगेच उत्तर देऊ नका. शूरपणा तर मुळीच नको. ज्याला तुमचे कपडे धुवायला लागतात, जो तुमच्यासमोर दिवसभर बसतो, त्याला विचारा. आणि कुणी म्हणालं हे तुझ्या कामामुळे होतंय, काम सोड, तर आधी कारण शोधा, मग सोडायचं की नाही ते तुम्ही ठरवा.

होळी झाली आणि आम्ही कढई चढवली. पहिल्याच घाण्याला अख्खी गल्ली खोकायला लागली. माझ्या दोन्ही डोळ्यांना पाणी आलं, सारखं, डाव्याला तेवढंच उजव्याला. विमलने वाकून बघितलं आणि म्हणाली, आता कुठे तू माणसात आलीस.

रविवार होता म्हणून नितीन मदतीला आला होता. बोलावलं नव्हतं, आपणहून आला. लवंगीची गोणी सोडली, दोन मुठी परडीत टाकल्या आणि धुराने डोळा चुरचुरला म्हणून हात वर नेला. मी कढईसमोरून उठले आणि त्याच्या हातावर चापट मारली. तो माझ्याकडे बघत राहिला, डोळ्यांतून पाणी वाहतंय, हात हवेत.

“खांद्याला,” मी म्हटलं. “खांद्याला पुस, रे.”